सस्तन प्राण्यांचे वर्गीकरण: नागपूरच्या अंगणातून सुरुवात

नागपुरात राहणाऱ्या माणसाला सस्तन प्राणी पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून धावणारी खार, रात्री मोरीच्या कडेकडेने जाणारी चिचुंद्री, तिन्हीसांजेला झाडांवरून उठणारी वटवाघळे, रामटेकच्या गडावरचे वानर आणि शहराची हद्द ओलांडताच शेतात उभे दिसणारे रोही, म्हणजे नीलगाई, ही सारी मंडळी तिकीट न काढता भेटतात. पुढे महाराजबागेचे प्राणिसंग्रहालय आहे, गोरेवाड्याचे जंगल आहे आणि दोन-तीन तासांच्या आत पोहोचता येईल अशी पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर आणि ताडोबाची जंगले आहेत. त्यामुळे प्राणी पाहणे येथे अवघड नाही. अवघड आहे ते कोण कोणाचा नातेवाईक, हे ओळखणे.

याचे पहिले कारण म्हणजे आपली नावे. खवल्या मांजर हे मांजर नव्हे, उदमांजर हे मांजर नव्हे आणि पाणमांजरही मांजर नव्हे. देवमासा मासा नाही आणि पाणघोड्याचा घोड्याशी जवळचा संबंध नाही. नीलगाय मात्र, पाहणाऱ्याला घोड्यासारखी किंवा मोठ्या हरणासारखी वाटली, तरी खरोखरच गाईच्या कुलातली आहे. म्हणजे कधी नाव फसवते, तर कधी नाव खरे असून रूप फसवते. म्हणून नव्याने शिकणाऱ्याला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: नाव आणि रूप क्षणभर बाजूला ठेवावे आणि पिलाचा जन्म, दात, पाय व डोक्यावरची शिंगे या चार ठिकाणी नजर लावावी. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पायरी पहिली: प्राणी सस्तन आहे की नाही, हे ठरवणे

आईच्या दुधावर वाढणारी पिले आणि अंगावरचे केस या दोन खुणा सर्वांना ठाऊक असतात आणि बहुतेक वेळा त्या पुरेशा ठरतात. मात्र केस नेहमी केसांसारखे दिसतीलच असे नाही. साळिंदराचा काटा हा रूपांतरित केसच आहे. खवल्या मांजराच्या पाठीवरचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे, म्हणजे केराटिनचे बनलेले असतात आणि त्याच्या पोटाकडे साधे केस असतात. काही देवमाशांच्या तोंडाभोवती तुरळक राठ केस आढळतात.

डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा त्याहून पक्क्या आहेत. सस्तन प्राण्याचा खालचा जबडा प्रत्येक बाजूस एकाच हाडाचा असतो आणि मधल्या कानात हातोडी, ऐरण व रिकीब अशी तीन हाडे असतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खालच्या जबड्यात अनेक हाडे असतात. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांमध्ये त्यांतलीच काही हाडे हळूहळू लहान होत कानात गेली, हे जीवाश्मांच्या मालिकेतून स्पष्ट दिसते. केस आणि दूध दगडात क्वचितच टिकतात, त्यामुळे एखादा जीवाश्म सस्तन प्राण्याचा आहे का, हे ठरवताना अभ्यासक जबडा, कान आणि दात यांचाच आधार घेतात. आणखी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: जिराफाच्या मानेतही सात मणके असतात आणि उंदराच्या मानेतही सातच. झाडांवर संथपणे वावरणारा स्लॉथ आणि पाण्यात राहणारा मॅनाटी हे याला अपवाद आहेत.

पायरी दुसरी: सात पातळ्यांचे शब्द पक्के करणे

शालेय पुस्तकात आपण सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती असा उतरता क्रम शिकतो. येथे एक घोटाळा आधीच दूर केला पाहिजे. वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात एखाद्या प्राण्याच्या सर्वांत शेवटच्या पातळीसाठी ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास वापरला जातो. शास्त्रीय मराठीत मात्र ती पातळी ‘जाती’ आहे आणि ‘प्रजाती’ ही तिच्या वरची, अनेक जातींना एकत्र धरणारी पातळी आहे. बातमी आणि पाठ्यपुस्तक एकाच वेळी वाचणाऱ्याची यामुळे फार तारांबळ होते, म्हणून आपल्या वहीत तरी एकच रीत ठेवावी.

उदाहरणासाठी वाघ आणि बिबट्या घेऊ. दोघांचाही वर्ग सस्तन, गण मांसाहारी, कुल मार्जार म्हणजे फेलिडी आणि प्रजाती पँथेरा आहे. येथपर्यंत ते हातात हात घालून येतात आणि शेवटच्या पायरीवर वेगळे होतात. वाघ पँथेरा टायग्रिस, तर बिबट्या पँथेरा पार्डस. आता यांच्या शेजारी रानकुत्रा ठेवला, तर तो वर्ग आणि गण यांपर्यंतच सोबत राहतो आणि कुलाच्या पातळीवर कॅनिडी कुलाकडे वळतो. रानगवा, म्हणजे बॉस गॉरस, वर्ग सोडला तर लगेच गणापासूनच वेगळ्या वाटेने जातो. दोन प्राणी किती पायऱ्या एकत्र उतरतात, यावरून त्यांचे नाते किती जवळचे, हे कळते.

ही पद्धत स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी रुजवली. १७३५ साली त्यांनी या प्राण्यांच्या गटाला ‘चतुष्पाद’ या अर्थाचे नाव दिले होते आणि देवमाशांना माशांमध्ये ठेवले होते. १७५८ च्या आवृत्तीत त्यांनी चार पायांचा निकष सोडला, स्तनांचा निकष धरला आणि ‘मॅमेलिया’ हा वर्ग मांडला. या बदलासरशी देवमासे माशांमधून निघून आपल्या गटात आले. एक निकष बदलल्यावर किती मोठी उलथापालथ होते, ते यावरून दिसते. लिनियस यांचेही सगळे बरोबर ठरले असे नाही. छातीवर स्तन असतात, म्हणून त्याच आवृत्तीत त्यांनी वटवाघळांना माणूस आणि माकडे यांच्यासोबत नरवानर गणात बसवले होते.

आज सस्तन प्राण्यांच्या साडेसहा हजारांहून अधिक जाती मानल्या जातात. त्यांपैकी सुमारे चाळीस टक्के कृंतक, म्हणजे उंदीर-खारींच्या गणातल्या, आणि चौदाशेहून अधिक वटवाघळांच्या आहेत. वाघ, हत्ती, सिंह ही जी चित्रे ‘सस्तन प्राणी’ म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे येतात, ती या एकूण पसाऱ्याचा अगदी लहान भाग आहेत.

पायरी तिसरी: जन्माच्या रीतीवरून तीन शाखा

पिलू कसे जन्मते, यावरून सस्तन प्राण्यांच्या तीन शाखा होतात. पहिली अंडी घालणाऱ्यांची. तिच्यात प्लॅटिपस आणि एकिड्ना एवढेच येतात आणि ते ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी येथेच सापडतात. प्लॅटिपसच्या मादीला स्तनाग्रे नसतात. दूध त्वचेवर पाझरते आणि पिले ते चाटतात. दुसरी शाखा शिशुधानी प्राण्यांची, ज्यांची पिले अगदी अपुऱ्या अवस्थेत जन्मतात आणि आईच्या पोटावरील पिशवीत किंवा स्तनांना चिकटून वाढतात. कांगारू आणि कोआला हे परिचयाचे. अमेरिका खंडातले ओपॉसमही यांतलेच. तिसरी शाखा अपरायुक्त प्राण्यांची, म्हणजे ज्यांचे पिलू आईच्या गर्भाशयात दीर्घकाळ वारेतून पोषण घेते. आपण स्वतः, आपली गाय, आपला वाघ आणि भारतातला यच्चयावत रानटी सस्तन प्राणी या तिसऱ्या शाखेत येतो. म्हणून नागपूरच्या अभ्यासकाला पहिल्या दोन शाखांवर अधिक वेळ घालवण्याची गरज नाही.

याच संदर्भात एक स्थानिक गोष्ट सांगितली पाहिजे. नागपुरात राहून मध्य भारतातील खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास करणारे स्टीफन हिस्लॉप हे नाव त्यांच्या नावाच्या महाविद्यालयामुळे येथे सर्वांना माहीत आहे. दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळात, आजच्या तेलंगणातील नस्कल येथे, डायनोसॉरच्या काळाच्या अखेरीच्या एका चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात सापडले आणि १९८८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्या प्राण्याचे नाव डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी असे आहे. हाताच्या बोटावर मावतील अशा दातांवरून एक जाती ओळखली गेली, ही गोष्ट पुढच्या पायरीचे महत्त्व आपोआप सांगते.

पायरी चौथी: दात पाहणे

सगळ्या पायऱ्यांमध्ये ही मला सर्वांत मोलाची वाटते, आणि नवख्याने येथे घाई करू नये. सरड्याच्या तोंडातले दात बहुधा एकसारखे असतात. सस्तन प्राण्यांच्या तोंडात कापणारे पटाशीचे दात, फाडणारे सुळे आणि चावणाऱ्या उपदाढा व दाढा अशी कामाची वाटणी असते. प्राणी काय खातो आणि त्याचे पूर्वज काय खात होते, हे या वाटणीवर कोरलेले असते.

पहिला धडा मटणाच्या दुकानातही घेता येतो. एका रविवारी सकाळी मी आमच्या भागातील दुकानात टांगलेली बकऱ्याची मुंडी पाहत उभा होतो. खालच्या जबड्यात पुढे सुंदर ओळीने बसलेले आठ दात होते आणि वर, नेमके त्यांच्यासमोर, एकही दात नव्हता. तिथे केवळ कडक हिरडीची गादी होती. मी दुकानदारांना विचारले, “काका, वरचे दात पडले काय याचे?” ते म्हणाले, “पडले नाही जी, वरचे असतेच कुठं! खालच्यानं चारा तोडते अन् मंग बसून दिवसभर चावते.” रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या मोठ्या गटाची याहून नेमकी व्याख्या करणे कठीण आहे. गाय, म्हैस, बकरी, चितळ, सांबर, रोही आणि काळवीट या सगळ्यांची रचना हीच आहे. समोरच्या दातांनी खालून धरून गवत तोडायचे, कप्प्यांच्या पोटात साठवायचे आणि सावलीला बसून पुन्हा तोंडात आणून चावायचे. रानडुक्कर त्यांच्याच समखुरी, म्हणजे दुभंगलेल्या खुरांच्या, गणातले असूनही रवंथ करीत नाही आणि त्याला वरचे पुढचे दातही असतात, म्हणून ते वेगळ्या कुलात जाते.

दुसरा धडा खारीचा आहे. नागपुरात अंगणात दिसणाऱ्या खारीच्या पाठीवर साधारणपणे पाच फिकट पट्टे मोजता येतात. तिच्या तोंडात समोर वर दोन आणि खाली दोन असे पटाशीचे दात असतात, ज्यांची वाढ आयुष्यभर थांबत नाही. ती सतत काहीतरी कुरतडते, कारण न कुरतडल्यास दात वाढतच जातील. या दातांची पुढची बाजू कठीण आणि मागची मऊ असल्याने झिजताना त्यांना आपोआप पटाशीसारखी धार येते. सुळे मुळीच नसतात आणि त्या जागी मोठी मोकळी फट असते. उंदीर, घूस, खार, शेकरू आणि साळिंदर यांना एकाच कृंतक गणात आणणारी खूण ती हीच.

मग ससा कृंतक का नाही? त्यालाही कुरतडणारे वाढते दात आहेत आणि त्यामुळे तो बराच काळ कृंतकांतच मोजला जात होता. परंतु सशाच्या वरच्या पटाशीच्या दातांच्या नेमके मागे आणखी दोन बारीक खुंटीसारखे दात लपलेले असतात. १९१२ साली या व अशा भेदांवरून त्याचा लॅगोमॉर्फा हा स्वतंत्र गण करण्यात आला. कृंतकांचा तो जवळचा भाऊबंद आहे, पण घर वेगळे आहे.

तिसरा धडा चिचुंद्रीचा, आणि येथे जवळजवळ प्रत्येक घरात चूक होते. उंदीर समजून तिला मारले जाते. तिचे नाक सोंडेसारखे पुढे आलेले, डोळे टिचभर आणि वास उग्र असतो. मांजर तिला मारते, पण बहुधा खात नाही. तिच्या तोंडात कुरतडण्याच्या पटाश्या नसून बारीक टोकदार दातांची रांग असते, कारण तिचे मुख्य अन्न झुरळे आणि किडे हे आहे. लिनियस यांनी तिच्या नावात ‘उंदरासारखी’ या अर्थाचा म्यूरिनस हा शब्द ठेवला, पण उंदरांच्या गणात तिला जागा नाही. ती कीटकभक्षकांच्या गटातली आहे आणि वंशावळीने पाहिले तर उंदरापेक्षा वटवाघूळ, गाय आणि वाघ यांना अधिक जवळची आहे. घरात पिलांसह फिरणारी मादी कधी दिसली, तर थांबून पाहावे: पहिले पिलू आईच्या शेपटीजवळचे केस तोंडात धरते, दुसरे पहिल्याचे, आणि अशी आगगाडी भिंतीच्या कडेने निघते.

चौथा धडा मांसाहारी गणाचा. या गणाचे लक्षण मांस खाणे हे नसून कातरदाढा हे आहे. वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून सरकतात. मांजर एखादा मोठा तुकडा तोंडाच्या कडेला नेऊन मान वाकडी करून का खाते, हे यावरून उमगते. ती आपल्या कातरदाढा वापरत असते. मांजरीला एकूण तीस दात असतात आणि कुत्र्याला बेचाळीस, कारण कुत्र्याने कात्रीच्या मागे भरडण्याच्या दाढाही राखल्या आहेत. अस्वल या गणात असूनही मोहफुले, बोरे, मध आणि वाळवी खाते, त्यामुळे त्याच्या दाढा पसरट झाल्या आणि कात्री जवळपास हरपली. आपल्या जंगलातल्या अस्वलाला वरचे मधले दोन पुढचे दातही नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी जोराने ओढून घेते.

या फटीने एका विद्वानाला चकवले होते. ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज शॉ यांनी १७९१ साली आपल्या अस्वलाची लांब नखे आणि नसलेले दात पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतील स्लॉथच्या प्रजातीत टाकले. पुढे चूक सुधारली गेली, तरी इंग्रजीत आजही त्याला ‘स्लॉथ बेअर’च म्हणतात. याच शॉ यांच्याकडे आठच वर्षांनी प्लॅटिपसचे कातडे आले, तेव्हा बदकाची चोच शिवून जोडली आहे की काय, अशी शंका त्यांना आली होती. एकदा रूपावर विसंबल्यावर मनुष्य दुसऱ्यांदा सावध होणे स्वाभाविक आहे.

पायरी पाचवी: पाय आणि ठसे

जंगलात दात क्वचितच पाहायला मिळतात, पण पाऊलखुणा मिळतात. चालण्याच्या तीन रीती आधी समजून घ्याव्यात. अस्वल आणि माणूस पूर्ण तळवा टेकतात, म्हणून अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा आपल्या अनवाणी पावलाची आठवण करून देतो. मांजर आणि कुत्रा बोटांवर चालतात. गाय आणि घोडा बोटांच्या टोकावर, म्हणजे रूपांतरित नखांवर चालतात. त्यांनाच आपण खूर म्हणतो.

मांजर कुलाच्या ठशात चार बोटे उमटतात आणि नखांच्या खुणा बहुधा नसतात, कारण नखे आत ओढलेली असतात. तळव्याच्या गादीची मागची कड तीन गोलसर भागांची दिसते. कुत्रा, लांडगा आणि कोल्हा यांच्या ठशात बोटांपुढे नखांचे टोकदार ठिपके असतात. तरसाच्या ठशातही नखे उमटतात, आणि त्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा स्पष्टपणे मोठा असतो.

खुरांची मोजणी त्याहून सोपी आहे. गाय, बकरी, चितळ, रानगवा आणि डुक्कर यांचे वजन तिसऱ्या व चौथ्या बोटांवर समान पडते, म्हणून खूर दुभंगलेला असतो. हा समखुरी गण. घोडा व गाढव एका बोटावर आणि गेंडा तीन बोटांवर उभा राहतो. वजन मधल्या बोटावर येते, म्हणून तो विषमखुरी गण. विदर्भाच्या रानात आज विषमखुरी गणाचा रानटी प्रतिनिधी नाही, तेव्हा येथे खुराचा ठसा दिसला की तो समखुरी प्राण्याचा किंवा पाळीव घोड्या-गाढवाचा, असे निःशंक म्हणता येते.

आता पुन्हा मटणाच्या दुकानाकडे वळू. बकऱ्याच्या मागच्या पायाच्या घोट्यात एक लहान हाड असते, ज्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांना कप्पीसारखी खोबण असते. घोड्याच्या किंवा कुत्र्याच्या त्याच हाडाला ती एकाच टोकाला असते. दुहेरी कप्पीचे हे हाड समखुरी गणाची मुद्रा मानली जाते. २००१ साली पाकिस्तानात सापडलेल्या, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांच्या सांगाड्यांत नेमके हेच हाड दिसले. त्यापाठोपाठ २००७ साली जम्मू-काश्मीरमधील कालाकोटच्या खडकांतून मिळालेल्या इंडोहायस या मांजराएवढ्या खुरी प्राण्याच्या कानाचे हाड देवमाशांसारखे जाड असल्याचे प्रसिद्ध झाले. जनुकीय पुरावाही तीच दिशा दाखवत होता. त्यामुळे देवमासे आज समखुरी गणातच मोजले जातात आणि हयात प्राण्यांत त्यांचा सर्वांत जवळचा आप्त पाणघोडा आहे. १७५८ साली माशांमधून बाहेर पडलेला देवमासा अडीचशे वर्षांनी गाई-बकऱ्यांच्या गोतात येऊन बसला, ही वर्गीकरणातली मला सर्वांत आवडणारी हकीकत आहे.

पायरी सहावी: शिंगांचे दोन प्रकार

जंगल सफारीत ‘हरीण’ या एका शब्दाखाली चितळ, सांबर, भेकर, चौसिंगा आणि रोही असे सगळे गोळा केले जातात. त्यांना दोन कुलांत वेगळे करण्यासाठी शिंगे पुरेशी आहेत.

चितळ, सांबर आणि भेकर हे सर्व्हिडी कुलातले, म्हणजे खरे हरीण. त्यांची शिंगे निव्वळ हाडाची असतात, फक्त नराला येतात, त्यांना फाटे फुटतात आणि ती ठरावीक काळाने गळून पडून नव्याने उगवतात. उगवताना त्यांवर मखमलीसारखी केसाळ त्वचा असते. वाढ पुरी झाली की नर ती झाडाच्या बुंध्यावर घासून काढतो. त्यामुळे चितळाच्या कळपात एकाच दिवशी भरदार शिंगांचा, मखमली शिंगांचा आणि बोडका असे तिन्ही नर दिसू शकतात. ते तीन वेगळे प्रकार नव्हेत.

रोही, चौसिंगा, काळवीट आणि चिंकारा बोव्हिडी कुलातले, म्हणजे गाय, म्हैस, रानगवा, बकरी व मेंढी यांच्या कुलातले आहेत. त्यांच्या शिंगात आत हाडाचा गाभा आणि वर केराटिनचे पोकळ आवरण असते. या शिंगांना फाटे नसतात आणि ती आयुष्यभर गळत नाहीत. चौसिंग्याच्या नराला चार शिंगे असतात, पुढची जोडी आखूड आणि मागची लांब. उंचीने गुडघ्याच्या थोडा वर येणारा हा भित्रा प्राणी आणि संत्र्याच्या बागेत शिरणारा घोड्याएवढा रोही हे हयात प्राण्यांत एकमेकांचे सर्वांत जवळचे नातेवाईक आहेत, यावर पाहताक्षणी विश्वास बसत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. जंगलात गळलेले शिंग, कवटी किंवा साळिंदराचा काटा दिसला, तरी तो उचलून घरी आणू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अशा वस्तू बाळगणे गुन्हा ठरू शकतो. फोटो घ्यावा, शेजारी पेन किंवा नाणे ठेवून आकार नोंदवावा आणि वस्तू तिथेच राहू द्यावी. कवट्या, शिंगे आणि भरलेले प्राणी शांतपणे जवळून पाहायचे असतील, तर १८६३ पासून असलेले आपले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजबबंगला, त्यासाठी उत्तम आहे.

पायरी सातवी: रूपावरून झालेल्या चुका तपासणे

तरस दिसायला कुत्र्यासारखे आहे. परंतु मांसाहारी गणाच्या दोन मोठ्या फांद्या आहेत. एकीवर मांजर, उदमांजर, मुंगूस आणि तरस बसतात. दुसरीवर कुत्रा, लांडगा, अस्वल आणि पाणमांजर. म्हणजे तरस मुंगसाच्या घरचे आहे आणि नावात मांजर असलेले पाणमांजर कुत्र्याच्या फांदीवर आहे. खवल्या मांजर तर या गणातच नाही. त्याला दातच नसतात आणि त्याचा फोलिडोटा हा गण वेगळा आहे. तरीही जनुकीय अभ्यासात तो गण मांसाहारी गणाचाच सर्वांत जवळचा निघाला.

कोल्हा आणि खोकड यांची गल्लतही रोजची आहे. मराठीत कोल्हा म्हणजे कॅनिस ऑरियस, लांडग्याच्या प्रजातीतला. आखूड तोंडाचा, झुपकेदार आणि टोकाला काळ्या शेपटीचा, त्याहून लहान प्राणी म्हणजे खोकड, व्हल्पिस बेंगालेन्सिस. इंग्रजी गोष्टींमधला ‘फॉक्स’ हा खोकड असतो, पण मुलांच्या पुस्तकांत तो कोल्हा म्हणूनच येतो.

रामटेकला गेल्यावर वानर आणि माकड यांतला फरक पाहावा. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर पाने पचवणाऱ्या कप्पेदार पोटाचे असते आणि त्याच्या गालात पिशव्या नसतात. लालसर तोंडाचे माकड मिळालेला खाऊ भराभर गालांच्या पिशव्यांत कोंबते आणि दूर जाऊन निवांत खाते. दोघेही एकाच कुलातले, पण उपकुले वेगळी. निरीक्षणासाठी त्यांना खायला मात्र घालू नये.

वटवाघळाचा पंख म्हणजे हात आहे. अंगठा मोकळा आणि उरलेली चार बोटे छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली. मोठी फळभक्षी वटवाघळे डोळ्यांनी व वासाने वाट शोधतात, तर दिव्याभोवती किडे टिपणारी लहान वटवाघळे स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर उडतात. आधी यांचेच दोन उपगण मानले जात. जनुकीय अभ्यासाने असे दाखवले, की प्रतिध्वनी वापरणाऱ्या काही लहान वटवाघळांचे नाते फळभक्षी वटवाघळांशी अधिक जवळचे आहे, आणि विभागणी नव्याने करावी लागली. म्हणून जुन्या पुस्तकातले आणि नव्या पुस्तकातले वर्गीकरण जुळले नाही, तर गोंधळून न जाता प्रकाशनाचे वर्ष पाहावे.

पायरी आठवी: वही

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, ठिकाण, काय दिसले आणि कोणत्या खुणेवरून ओळखले, हे लिहावे. ‘रोही पाहिला’ एवढे पुरेसे नाही. ‘नर, दोन आखूड सरळ शिंगे, फाटे नाहीत, म्हणून बोव्हिडी’ असे लिहावे. खुणेचा रकाना रिकामा राहिला, तर ओळख पाठांतरातून आली आहे, पाहण्यातून नव्हे, असे समजावे. सुरुवातीचा महिना घर आणि गल्ली यांच्यातच घालवावा: खार, चिचुंद्री, उंदीर, वटवाघूळ, गाय, बकरी, कुत्रा आणि मांजर एवढ्यांतच पाच गण हाताशी येतात. दुसऱ्या महिन्यात महाराजबाग आणि अजबबंगला, त्यानंतर गोरेवाडा, आणि शेवटी पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडला.

ओळख जेवढ्या पायरीपर्यंत खात्रीची आहे, तेवढीच लिहावी आणि पुढची जागा मोकळी सोडावी. माझ्या वहीत गेल्या हिवाळ्यातली एक नोंद अशी आहे: ‘सकाळी ६.४०. ओल्या पायवाटेवर ठसा. चार बोटे, नखे नाहीत, गादीची मागची कड तीन भागांची. रुंदी दोन बोटांपेक्षा किंचित अधिक. गण मांसाहारी, कुल फेलिडी, प्रजाती’, आणि पुढे कोरी रेघ. रानमांजर असू शकेल, घरचे मोठे मांजरही असू शकेल. त्या पायवाटेवर मी दर आठवड्याला जातो, आणि रेघ अजून कोरी आहे.